पदकाच्या कडेवरील नाव

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या गतवर्षीच्या वार्षिक संमेलनात सभामंडपाच्या एका अंगास लहानसे प्रदर्शन मांडले होते, त्याचे स्मरण बहुतेक सभासदांस असेल. घरोघरच्या जुन्या वस्तू तेथे आल्या होत्या. मोडी लिपीतील दस्तऐवज, कलमदाने, एक-दोन गंजलेल्या तलवारी, आणि एका मेजावर पांढऱ्या कापडावर ठेवलेली अकरा लष्करी पदके. गर्दी सर्वांत अधिक झाली ती या शेवटच्या मेजापाशी. कार्यकारी मंडळाने त्या मेजाची राखण आमच्याकडे सोपविली होती. दिवसभरात आम्हांस तीनच प्रश्न पुनःपुन्हा विचारण्यात आले. “गुरुजी, हा बिल्ला कोणत्या लढाईचा? विलायतेत घडला की आपल्याकडे? आणि खरा की नकली?” या प्रश्नांची उत्तरे तेथे उभ्या उभ्या जेवढी देता आली तेवढी दिली. परंतु विषय केवळ कुतूहलाचा नाही, तो आपल्या पूर्वजांच्या नावाचा आहे, म्हणून संपादक मंडळाच्या आज्ञेवरून येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहोत. शिवाय याच स्मरणिकेत पूर्वी आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची दुरुस्तीही आम्हांस करावयाची आहे. ती ओघाने पुढे येईल.

कारागिराची सही

पदक हातात घेतले म्हणजे आपली दृष्टी प्रथम राजाच्या किंवा राणीच्या मुखवट्यावर जाते. तो मुखवटा पाहून काळाचा अंदाज येतो हे खरे. तथापि जाणकार मनुष्य भिंग लावून त्या मुखवट्याच्या मानेखाली पाहतो. तेथे, किंवा मागील चित्राच्या पायथ्याशी, अगदी बारीक इंग्रजी अक्षरे असतात. ज्या कारागिराने मूळ साचा कोरला त्याची ती सही होय.

या देशाशी संबंध असलेल्या जुन्या पदकांत श्रीरंगपट्टणचे पदक प्रसिद्ध आहे. दिनांक ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणचा किल्ला पडला आणि टिपू सुलतान लढता लढता मारला गेला. त्या मोहिमेत कंपनी सरकारच्या मद्रास आणि मुंबई या दोन्ही इलाख्यांच्या पलटणी होत्या. या विजयाचे पदक इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टन याच्या टाकसाळीत पाडले गेले, आणि त्याचे साचे कोनराड हाइनरिश क्यूख्लर या कारागिराने कोरले. एका बाजूस सिंहाने वाघास खाली दाबले आहे, दुसऱ्या बाजूस किल्ल्यावरील हल्ल्याचा देखावा आहे. वाघ हे टिपूचे चिन्ह, तेव्हा चित्राचा अर्थ सांगावयास नको. याच पदकाची दुसरी आवृत्ती कलकत्त्याच्या टाकसाळीत निघाली. सोहोचे पदक ४८ मिलिमीटर व्यासाचे, तर कलकत्त्याचे ४५ मिलिमीटरचे आहे, आणि कलकत्त्याच्या प्रतीचे काम इंग्लंडातील कामापेक्षा ओबडधोबड दिसते. सुताराची मोजपट्टी लावली तरी घराणे कळते, ते असे.

सहीवरून काळ ठरविताना मात्र सावध राहिले पाहिजे. विल्यम वायन हा व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतील नामांकित कारागीर १८५१ साली निवर्तला. त्याने कोरलेला राणीचा मुखवटा पुढे १८५४ सालच्या हिंदुस्थान सर्वसाधारण सेवा पदकावर वापरला गेला. त्या पदकाची मागील बाजू त्याचा पुत्र लेनर्ड चार्ल्स वायन याने कोरली. एकाच पदकावर एका अंगास पित्याची सही आणि दुसऱ्या अंगास पुत्राची, असा हा योग आहे. हेच पदक १८९५ पर्यंत निरनिराळ्या मोहिमांसाठी देण्यात आले. म्हणजे १८९४-९५ च्या वझिरिस्तानच्या लढाईत गेलेल्या शिपायाच्या छातीवर चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या कारागिराची सही झळकत होती. सही साच्याची असते, लढाईची नसते, हा पहिला धडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. लढाई कळते ती फितीवर बसविलेल्या नावाच्या पट्टीवरून.

पहिल्या महायुद्धाचे रुप्याचे पदक आपल्या महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत आहे, अथवा होते. त्यावरील पंचम जॉर्जचा मुखवटा बर्ट्रम मॅकेनल याचा आहे, म्हणून मानेखाली ‘बी. एम.’ ही इंग्रजी आद्याक्षरे सापडतात. मागे घोड्यावर आरूढ झालेला नग्न वीर आहे. त्याच्या घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल, आणि कवटी व हाडे तुडविली जात आहेत. हे चित्र विल्यम मॅकमिलन याचे. याच्या जोडीस मिळालेले पितळेसारखे दिसणारे विजयपदक कांस्याचे आहे. त्यावर पंख पसरलेली विजयदेवता आहे आणि फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची आहे. तेही मॅकमिलनचेच काम.

टाकसाळीची ओळख

दुसरा प्रश्न टाकसाळीचा. येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. प्रदर्शनात एका कुटुंबाने १९०८ सालच्या हिंदुस्थान सर्वसाधारण सेवा पदकाचा नमुना आणला होता. त्याच्या मागील बाजूस खैबर खिंडीच्या तोंडाशी असलेला जमरूदचा किल्ला आणि वायव्य सरहद्दीचे डोंगर आहेत. एका विद्वान पाहुण्यांनी ते हातात घेऊन सर्वांदेखत सांगितले की, “हे नकली आहे. खऱ्या पदकाचा वरचा पंजा नक्षीचा असतो, हा तर अगदी साधा आहे.” पदक आणणाऱ्या गृहस्थांचा चेहरा उतरला. ते काही न बोलता पदक रुमालात गुंडाळू लागले.

वस्तुस्थिती अशी की, हे पदक लंडनची राजटाकसाळ आणि कलकत्त्याची सरकारी टाकसाळ अशा दोन ठिकाणी पाडले जात असे. पदकाच्या वरच्या कडेस धरून ठेवणारा जो पंजासारखा भाग असतो, तो लंडनच्या पदकावर नक्षीदार आणि कलकत्त्याच्या पदकावर साधा, एवढाच दोहोंत फरक. साधा पंजा नकलेची खूण नव्हे, ती कलकत्त्याची खूण आहे. आम्ही हे सांगितल्यावर पाहुण्यांनीही मोकळ्या मनाने ते मान्य केले, आणि रुमालातील पदक पुन्हा मेजावर आले. अर्धवट माहितीने एखाद्या घराण्याची अब्रू कशी क्षणात डळमळते, हे त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिले.

कलकत्त्याच्या टाकसाळीविषयी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. हुगळीच्या काठी स्ट्रँड रस्त्यावर उभारलेली तिची भव्य इमारत, ग्रीक देवळासारख्या खांबांची, १८२९ साली वापरात आली. १९५२ साली ते काम अलिपूरच्या नव्या टाकसाळीत गेले. पहिल्या महायुद्धातील हिंदी पलटणींची पदके पुष्कळ अंशी कलकत्त्यास तयार झाली आणि तेथेच त्यांच्यावर शिपायांची नावे उमटविण्यात आली.

मात्र सर्वच पदके टाकसाळीत घडत नाहीत. सर्वश्रेष्ठ असा व्हिक्टोरिया क्रॉस हा लंडनच्या हँकॉक्स नावाच्या एका खाजगी जवाहिऱ्याच्या पेढीत प्रारंभापासून तयार होत आला आहे. हा सन्मान १८५६ साली सुरू झाला, परंतु हिंदी शिपायांस तो खुला होण्यास १९११ साल उजाडावे लागले. इटलीच्या रणभूमीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ च्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांस ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल तो मिळाला. या क्रॉसच्या वरील आडव्या पट्टीच्या मागे वीराचे नाव व पलटण, आणि क्रॉसच्या मागील वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते.

धातूचा भेद

पदक कोणत्या धातूचे, यातही इतिहास आहे, आणि तो फारसा गोड नाही. श्रीरंगपट्टणचे पदक सेनापतींस सोन्याचे, त्याखालच्या अधिकाऱ्यांस सोन्याचा मुलामा दिलेल्या रुप्याचे, इतर अधिकाऱ्यांस रुप्याचे, त्याखालच्यांस कांस्याचे आणि साध्या शिपायास कथलाचे मिळाले. किल्ल्याच्या खिंडारात सर्वांआधी जो शिरला त्याच्या वाट्यास कथील आले. पुढे एकोणिसाव्या शतकात सर्व दर्जाच्या लढवय्यांस एकच धातू देण्याची चाल रूढ झाली. तरीही पहिल्या महायुद्धाचे जे पदक लढणाऱ्या शिपायांस रुप्याचे मिळाले, तेच मजूर पथकांतील हिंदी, चिनी व माल्टी लोकांस कांस्याचे देण्यात आले. अशी कांस्याची पदके सुमारे एक लक्ष दहा हजार निघाली. १९०८ च्या पदकाच्या आरंभीच्या मोहिमांतही पलटणीबरोबरच्या चाकरवर्गास कांस्याचीच पदके होती. म्हणून आपल्या घरचे पदक रुप्याचे नसून तांबूस कांस्याचे आहे एवढ्यावरून कोणी त्यास नकली समजू नये, अथवा लपवूनही ठेवू नये. ओझे वाहणाऱ्याच्या, विहिरीवरून पखाल आणणाऱ्याच्या श्रमांची ती पावती आहे.

धातूचा भेद जेथे पूर्णपणे पुसला गेला अशी एक वस्तू मात्र आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने कांस्याची एक वाटोळी तबकडी पाठविली. तिचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. तिच्यावर हातात पुष्पचक्र धरलेली ब्रिटानिया देवी आणि तिच्यापुढे सिंह आहे. लिव्हरपूलचे शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांनी ती घडविली, म्हणून सिंहाच्या पायाजवळ त्यांची आद्याक्षरे सापडतात. अशा तेरा लक्षांहून अधिक तबकड्या तयार झाल्या. आरंभी लंडनमधील ॲक्टन येथे, आणि १९२० च्या अखेरीपासून वूलिच येथील शस्त्रागारात. वूलिचच्या तबकडीच्या मागे ‘डब्ल्यू’ आणि ‘ए’ या इंग्रजी अक्षरांची गुंफण केलेली खूण असते. तबकडीवर मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेले आहे, पण हुद्दा नाही. सेनापती असो की शिपाई, मरणाने सर्व सारखे, असा त्यामागील हेतू होता. गोऱ्या सैनिकांनी तिला ‘मेलेल्याचा पैसा’ असे कडवट नाव ठेवले होते.

अशी एक तबकडी प्रदर्शनात अकस्मात आली. एक वृद्ध मातोश्री पदकांचे मेज पाहून घरी गेल्या आणि सायंकाळी पिशवीतून एक काळवंडलेले झाकण घेऊन आल्या. “गुरुजी, हे आमच्या लोणच्याच्या बरणीवर असते. यावरही अशीच बाई आहे, म्हणून आणले,” असे त्या म्हणाल्या. आम्ही मागे पाहिले तो वूलिचची खूण स्पष्ट होती. पुढील चौकटीतील नाव आम्ही अक्षर अक्षर लावून वाचले. मातोश्री काही वेळ स्तब्ध राहिल्या, मग म्हणाल्या, “हे तर आमच्या सासऱ्यांचे चुलते. ते परत आलेच नाहीत, एवढेच घरात सांगत.” ती तबकडी आता त्यांच्या देवघराच्या भिंतीवर आहे, असे त्यांच्या नातवाने नुकतेच कळविले.

कडेवरील अक्षरे

आता मुख्य गोष्ट. कारागिराची सही, टाकसाळीचा पंजा, धातू, यांवरून पदक कोणी घडविले व कोणत्या वर्गास दिले ते कळते. ते कोणाचे, हे मात्र केवळ कडेवरून कळते. रुपयाच्या कडेवर जेथे खाचा असतात, त्या जागी पदकावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही उमटविलेली असतात.

ही चाल प्राचीन नाही. श्रीरंगपट्टणच्या पदकावर शिपायाचे नाव नव्हते. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईचे पदक हे ब्रिटिश सरकारने सर्व दर्जाच्या सैनिकांस दिलेले आणि त्यांची नावे कडेवर ठोकलेले पहिले पदक होय. हिंदुस्थानात याचे ठळक उदाहरण म्हणजे १८५१ साली मंजूर झालेले ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक. ते १८०३ ते १८२६ या काळातील लढायांचे आहे, जरी त्यावर वर्षे १७९९ ते १८२६ अशी आहेत. या दोन वर्षांमधील आडवी रेघ काही पदकांवर लांब तर काहींवर आखूड आहे. तेवढ्या रेघेवरून साचा कोणता हे संग्राहक ओळखतात. त्याच्या पट्ट्यांवरील नावे वाचली की महाराष्ट्राचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, कोरेगाव, सीताबर्डी, नागपूर. अर्थात इंग्रजांच्या कानास जशी ऐकू आली तशी, ‘कर्की’, ‘कोरीगॉम’, ‘अरगॉम’ अशा रूपांत. खडकीच्या रणात दोन्ही बाजूंस याच मातीतील लोक होते, आणि पदक एकाच बाजूस मिळाले, याचा विसर पडू नये.

हे पदक लढायांनंतर पंचवीस ते अठ्ठेचाळीस वर्षांनी, आणि तेही जे जिवंत होते व ज्यांनी मागणी केली त्यांनाच मिळाले. म्हणून ती फार थोडी आहेत. कोणी आपल्या घरी ‘पेशवाई बुडाली त्या लढाईचे पदक’ असल्याचे सांगितले, तर आनंदाने ऐकावे, परंतु आधी कड पाहावी. प्रदर्शनातील असेच एक ‘पेशवाईचे’ पदक प्रत्यक्षात १९१४-१५ चा कांस्याचा तारा निघाले. ताऱ्यावरील नाव कडेवर नसून मागील सपाट बाजूस असते, ते घरच्यांनी कधी उलटून पाहिलेच नव्हते.

अक्षरे दोन प्रकारे उमटवीत. एक, पोलादी ठशाने एकेक अक्षर ठोकून. ही अक्षरे सारख्या खोलीची व सारख्या उंचीची येतात. दुसरा प्रकार कोरणीने कोरण्याचा. त्यात हाताचे वळण दिसते आणि रेघेच्या टोकाशी धातू निमुळता कापलेला असतो. पहिल्या महायुद्धाच्या हिंदी पदकांवरील अक्षरे ठोकलेली, लहान व बारीक आहेत. लबाड व्यापारी मूळ नाव कानशीने घासून त्या जागी अधिक किमतीच्या पलटणीचे नाव घालतात. अशा वेळी कड किंचित खोलगट होते आणि व्यास कमी भरतो. ३६ मिलिमीटरचे पदक कोणत्याही बाजूने मोजले तरी ३६ भरले पाहिजे. एका बाजूस ते कमी भरले तर तेथे कानस फिरली आहे असे समजावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांविषयी एवढेच सांगतो की, ब्रिटिश सैनिकांस ती पदके बहुधा निनावी मिळाली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे घालण्यात आली. हिंदुस्थानचा नकाशा असलेले १९३९-४५ चे ‘इंडिया सर्व्हिस’ पदक ज्यांच्या घरी असेल त्यांनी कड अवश्य पाहावी.

आमच्या घरचे पदक

आता आमच्या चुकीकडे वळतो. आमच्या आजोबांचे थोरले बंधू, ज्यांस घरात थोरले आबा म्हणत, पहिल्या महायुद्धात गेले ते परतले नाहीत. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी टपालाने तीन पदके आली आणि आमच्या पणजीने ती देव्हाऱ्यात ठेवली. तारा वाटणीत दुसऱ्या घराकडे गेला आणि ते घर पडले तेव्हा हरवला. रुप्याचे पदक १९८० साली आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मोडले. त्या वर्षी रुप्याचा भाव जगभर भडकला होता, आणि आमच्यासारख्या अनेक घरांतून अशी पदके मुशीत गेली. वडिलांनी तो निर्णय सुखाने घेतला नव्हता, एवढे आम्हांस ठाऊक आहे. उरले ते पितळी दिसणारे विजयपदक. सोनाराने ते हातातही घेतले नाही.

या पदकाविषयी २००४ सालच्या स्मरणिकेत आम्ही लिहिले होते की, थोरले आबा फ्रान्सच्या रणांगणावर धारातीर्थी पडले. घरातील वडीलधारी मंडळी ‘विलायतेच्या लढाईत’ असे म्हणत, त्यावरून आम्ही फ्रान्स लिहिले. मुलांस आयुष्यभर ‘आधी वाचा, मग लिहा’ असे शिकविणाऱ्या आम्ही, हातात असलेले पदक न वाचताच ते लिहिले.

गतवर्षी प्रदर्शनासाठी पदक काढले तेव्हा कड प्रथमच लक्षपूर्वक पाहिली. ती जवळजवळ गुळगुळीत होती. याचे कारणही आम्हांसच ठाऊक आहे. लहानपणी दर दसऱ्यास देवाची भांडी घासण्याचे काम आमच्याकडे असे. चिंच आणि राख घेऊन आम्ही तांब्या, समई व पंचपात्री घाशीत असू, आणि त्याबरोबर हे पदकही. ते सर्वांत अधिक चकाकावे म्हणून कड दगडी पायरीवर फिरवीत असू. आई कौतुक करी. कांस्यावरील संरक्षक लेप प्रथम गेला, मग अक्षरे गेली.

शाळेत मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा काढतात. तोच उपाय आम्ही केला. पातळ कागद कडेभोवती गुंडाळून मऊ पेन्सिल आडवी फिरविली. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे, आडनावाचा उत्तरार्ध, आणि पुढे एक, पुसट जागा, सात, आणि मग इंग्रजीत ‘मराठाज’, एवढे उमटले. त्या युद्धाच्या आरंभी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. त्यांपैकी सातने संपणारी एकच, ११७ वी. आणि ११७ वी पलटण फ्रान्सास गेली नव्हती. ती पुणे विभागाबरोबर, म्हणजे सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होती. १०३ आणि ११० याही पलटणी त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. हे सैन्य टायग्रिस नदीवरील कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ मध्ये वेढले गेले. उपासमार, रोग आणि पूर यांनी जर्जर होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोकांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि त्यांपैकी पुष्कळ जण पुढे कैदेत वाळवंटाच्या वाटेवर मेले. सारांश, आमचे थोरले आबा फ्रान्समध्ये नव्हे, मेसोपोटेमियात गेले. २००४ च्या स्मरणिकेतील आमचे विधान चुकीचे होते, ते वाचकांनी कृपया दुरुस्त करून घ्यावे.

मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे १९२९ साली उभारण्यात आले. गोऱ्या सैनिकांची नावे त्या दगडांवर कोरली आहेत. हिंदी सैन्यापैकी मात्र केवळ अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांची पलटणवार नुसती संख्या नोंदविली आहे. युद्धकबरींची निगा राखणाऱ्या आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात या पक्षपाताची कबुली देऊन क्षमा मागितली. फ्रान्समधील न्यू शापेल येथील स्मारकावर हिंदी शिपायांची नावे आहेत, दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, पण बसऱ्याच्या दगडावर आमच्या थोरल्या आबांस नाव नव्हते, ते एक संख्येतील एक होते.

मग ज्या सरकारने त्यांस नेले, त्या सरकारने त्यांचे नाव धातूवर कोठे उमटविले? कलकत्त्याच्या टाकसाळीतील कोणा अनाम कामगाराने एकेक अक्षर ठोकून या पदकाच्या कडेवर. आणि ते आम्ही चिंच-राखेने पुसले. आता आयोगाच्या सूचीत मेसोपोटेमियातील मृत शिपायांची नावे क्रमांकासह पाहता येतात. तेथे आमच्या आडनावाशी जुळणारे ११७ व्या पलटणीतील एकाहून अधिक शिपाई आहेत. क्रमांक पूर्ण असता तर त्यांतील आमचा कोण, आणि तो कोणत्या दिवशी गेला, हे एका क्षणात कळले असते. दोन आकड्यांनी ते कळत नाही. त्यांच्या श्राद्धाची तिथी आमच्या पणजीस ठाऊक नव्हती, आजोबांस नव्हती, आणि आमच्या हाताच्या दोषाने ती आमच्या नातवंडांसही ठाऊक होणार नाही.

सूचना व विनंती

म्हणून सर्व सभासद कुटुंबांस आमची हात जोडून विनंती आहे. घरातील पदक चिंच, राख, लिंबू किंवा बाजारातील पावडरीने घासू नये. ते काळे पडले तर पडू द्यावे. काळेपणाने अक्षरांचे रक्षणच होते. मऊ कोरड्या कापडाने धूळ तेवढी पुसावी. आजच कड तिरप्या उजेडात धरून वाचावी, मागे-पुढे भिंगाने पाहावी, पेन्सिलीने ठसा काढावा आणि तो कागद वेगळा जपून ठेवावा. कडेवर आपल्या घराण्यातील नाव न आढळल्यास खट्टू होऊ नये. ते नाव दुसऱ्या कोणाच्या आजोबांचे असेल, आणि ते लोक कदाचित त्याच्या शोधात असतील. पदक मोडण्याची वेळ आलीच, कारण संसार कोणासही चुकत नाही, तर मोडण्यापूर्वी एवढे तरी करावे.

कार्यकारी मंडळाने आमच्या विनंतीवरून एक नोंदवही ठेवण्याचे मान्य केले आहे. तीत पदकाचा प्रकार, व्यास, धातू, कारागिराची आद्याक्षरे, टाकसाळीची खूण आणि कडेवरील मजकूर जसाच्या तसा लिहावयाचा आहे. वाचता न येणाऱ्या अक्षराच्या जागी ठिपका द्यावा, अंदाजाने अक्षर भरू नये. पहिली नोंद आमच्या घरच्या पदकाची आहे, आणि तीत ठिपकेच अधिक आहेत. पुढील नोंदी याहून पूर्ण याव्यात, एवढीच इच्छा. लेखात काही न्यूनाधिक झाले असल्यास जाणत्यांनी कळवावे. पुढील स्मरणिकेत दुरुस्ती करू. एकदा करावी लागली आहे, दुसऱ्यांदा करण्यास संकोच नाही.